दुसऱ्या रांगेतली कादंबरी

धाराशिवात आमच्या घराची ख्याती अशी, की इथं दोन माणसांना गाण्याचा कान आहे. एक माझे सासरे आणि दुसरी मी. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला काही कळत नव्हतं. तरी महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटीवरून मैफलीला जायचो, दुसऱ्या रांगेत बसायचो आणि माना डोलवायचो. आमच्याकडं बघून लोक आपापल्या सुनांना नावं ठेवायचे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांना एकच नाद, गाण्याचा. कुठं मैफल आहे असं कळलं की एसटीनं सोलापूर म्हणू नका, लातूर म्हणू नका, जायचे, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कोर्टात हजर. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवण, शिक्षण असलं विचारलं. मामांनी एकच विचारलं, "गाण्याची आवड हाय का?" मी हो म्हणाले. बघायला आलेल्या माणसांना कुणी नाही म्हणतं का? मला आवड होती ती घरात चालू असलेल्या रेडिओची, आणि तीही भाकरी थापताना हात चालावा एवढ्यापुरती.

पुढं मामा मोपेडवरून पडले. पायाचं प्लॅस्टर निघालं, पण गाडी बंद झाली ती झालीच. माझा नवरा पाटबंधारे खात्यात, भूमला. आठवडाभर तिकडं राहतो, शनिवारी घरी येतो आणि रविवार झोपून काढतो. त्यामुळं मामांना मैफलीला न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "सूनबाईला लई आवड," असं मामा भेटेल त्याला सांगायचे. मी लाजून खाली बघायचे. लाजणं खरं होतं, फक्त कारण वेगळं होतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते, की हे काम मी आनंदानं गळ्यात घेतलं. जिल्ह्याच्या गावी घर असण्याचा अर्थ ज्यांना भोगावा लागला त्यांनाच कळेल. सोमवारी कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाला सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं असतं, कुणाला जिल्हा परिषदेत साहेबाला भेटायचं असतं. ही सगळी मंडळी रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी. चहा, मग भाकरी, मग अंथरुणं, मग त्यांच्या केसची पहिल्यापासून हकीगत. या सगळ्यातून सुटायला "मामांना गाण्याला नेते" एवढं एकच कारण असं होतं, की त्यावर कुणाला ब्र काढता येत नव्हता. उलट कौतुकच व्हायचं. मी पुण्यही कमवत होते आणि कणकेतूनही सुटत होते.

मैफल एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये व्हायची. मंडळाचे सेक्रेटरी विजेच्या सामानाचे दुकानदार, त्यामुळं माइक कधी बंद पडला नाही, पण ते स्वतः माइकवरून कधी वेळेत खाली उतरले नाहीत. पुढं गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन रांगा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागं सतरंजी. गवई आला की आधी मामांना नमस्कार करायचा. मामांची दाद मिळाली की मैफल पास, असा इथला रिवाज होता. गाणारा समेवर आला की मामा हात उचलून म्हणायचे, "वा! क्या बात है!" आणि गाणाऱ्याचा चेहरा उजळायचा.

मामांना ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात आलं ते कुकरमुळं. ते कुकरच्या शेजारी बसून पेपर वाचत होते आणि शिट्ट्या होऊन, भात करपून, शेजारीण सांगायला आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यानंतर मैफलीत मी नीट बघितलं. त्यांची दाद उशिरा यायला लागली होती. सगळ्यांची मान हलून झाली की यांचा "वा!" यायचा. गंमत अशी, की गावानं त्याचाही मोठेपणा करून टाकला. "मामा गाणं मुरवून मग दाद देतात," असं सेक्रेटरींनी एकदा माइकवरून सांगितलं. मामांना ते ऐकू आलं नाही हे बरं झालं.

माझ्या नवऱ्यानं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. मामांनी एका मैफलीत लावलं आणि घरी आल्याबरोबर शोकेसच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. "पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तंबोरा ऐकू येतो," म्हणाले. पुन्हा तो विषय नाही. विषय काढायची माझीही तयारी नव्हती, कारण मामांनी मैफल सोडली तर रविवारची माझी सुटका संपणार होती. सून सासऱ्यांची अब्रू सांभाळते आहे असं मी स्वतःला सांगत होते. स्वतःला काहीही सांगता येतं.

एका मैफलीत माझा कोपर चुकून त्यांना लागला. मामा लगेच म्हणाले, "वा!" आणि ते नेमकं समेवर पडलं. गाणाऱ्या बाईंनी दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून आमची पद्धत ठरून गेली. आम्ही कधी त्याबद्दल बोललो नाही. पण सम कुठं येते हे मला कुठं कळत होतं? आमच्या पुढं पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. सम आली की त्यांचा उजवा हात मांडीवर पडायचा. त्यांचा हात पडायची लक्षणं दिसली की मी कोपर मारायचे आणि मामा दाद द्यायचे. म्हणजे गावाला वाटायचं दाद मामांची, मामांना वाटायचं जाण माझी, आणि प्रत्यक्षात सगळा कारभार पोस्टमास्तरांच्या मांडीवर चालला होता. त्यांना एकदा खोकल्याची उबळ आली तेव्हा आम्ही ओळीनं तीन वेळा दाद दिली.

आता यात कादंबरी कुठून आली ते सांगते. मंडळाच्या वर्धापनदिनी मामांचा ज्येष्ठ रसिक म्हणून सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि हाराऐवजी पुस्तक. हल्ली सगळीकडं हाराऐवजी पुस्तक देतात. सेक्रेटरींनी बंद पडलेल्या एका दुकानातून कादंबऱ्यांचं खोकंच स्वस्तात उचललं होतं. सगळ्या प्रती एकाच कादंबरीच्या. गवई असो, तबलजी असो, तहसीलदार असो, प्रत्येकाला तेच. धाराशिवातल्या प्रत्येक सुसंस्कृत शोकेसमध्ये ते करडं पुस्तक उभं आहे आणि कुणी उघडलेलं नाही. लेखक कोण, असं मी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "असतील कुणीतरी मोठे."

आमच्या घरी त्याचा उपयोग उन्हाळ्यात झाला. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, वारं सुटलं होतं आणि फडकं उडू नये म्हणून मी चार कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं. दोन वरवंटे, एक वीट आणि ती कादंबरी. मग छत्री धरून कावळे हाकलत बसले. मोबाइल खाली चार्जिंगला. कंटाळून पुस्तक उचललं आणि वीट सरकवून दोन कोपरे धरायला लावली.

गोष्ट दोन जावांची होती. एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर स्वयंपाक करतात आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की गोठ्यात जाऊन म्हशीला सांगतात. "बाई गं, आज मीठ संपलंय, कुणाला दिसत न्हाय." मग दुसरी म्हशीला उत्तर देते. मी हसता हसता छत्री सोडली. पुढं म्हैस विकायची वेळ येते तेव्हा दोघी दावं धरून रडतात, कारण आता बोलायचं कुणापाशी? तिथं मला हुंदका आला. मान वर केली तर कावळ्यांनी कुरडयांचा फडशा पाडला होता. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी वानरं आली होती म्हणून सांगितलं.

मला नादच लागला. मामांना गाण्याचा लागला तसा म्हणावं, तर मामांनी निदान कुरडया कधी घालवल्या नाहीत. पुस्तकाच्या मागं लेखकाचा पुसट फोटो होता, चष्मा आणि खांद्यावर उपरणं, एवढंच दिसायचं. सीमेवरच्या कुठल्याशा गावात मास्तर होते एवढं छापलं होतं. आणखी कादंबऱ्यांची नावं होती. मी गावातल्या ग्रंथालयात गेले. तिथल्या बाईंनी कपाटाच्या तळातून एक काढून दिली, तिची बांधणी मी घरी नेईपर्यंत सुटली. माहेरी सास्तूरला गेले तर शाळेच्या कपाटात दुसरी सापडली. भूकंपानंतर नवं गाव उभं राहिलं तेव्हा कुठून कुठून लोकांनी पुस्तकं पाठवली होती, त्यातली ती. आत कुणीतरी परगावच्या माणसानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्यावी." मी ती घेऊन आले आणि कुणालाही दिली नाही.

घरी वाचायला वेळ कुठला? दुपारी दळण, रात्री पाहुणे. मग माझ्या डोक्यात आलं, की महिन्यातून एकदा मी अडीच तास एका खुर्चीवर बसते, समोर मला न कळणारी गोष्ट चाललेली असते आणि कुणी चहा मागत नाही. मांडीवर शाल, शालीच्या घडीत पुस्तक, आणि मान मधूनमधून हलती ठेवायची. पुस्तक वाचताना मान हलतेच. "सूनबाई किती तल्लीन होतात," असं एक बाई म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

तो रविवार आला तेव्हा मी सास्तूरची कादंबरी वाचत होते. त्यात एक बाई गावात पिठाची गिरणी चालवते. नवरा हैदराबादेला जातो म्हणून निघून गेलेला, मेला असंच गाव धरून चालतं. बाई पट्टा चढवायला शिकते, जात्याला टाकी लावायला शिकते, गिरणीवर संसार उभा करते. इकडं व्यासपीठावर सोलापूरकडचे एक गवई बसले होते. तंबोरे लागत होते. मी पोस्टमास्तरांच्या हातावर एक डोळा ठेवला होता, असं मला वाटत होतं.

प्रत्यक्षात दोन्ही डोळे गिरणीत होते. रांगेत डोक्यावर ज्वारीचं पोतं घेतलेला एक म्हातारा उभा आहे. त्याचा नंबर येतो. तो पोतं खाली ठेवतो आणि मान वर करतो. बाई बघते. तोच. सगळी गिरणी घरघरतेय, पीठ उडतंय, रांगेतल्या बायका बघतायत. आणि ती बाई, जी इतकी वर्षं याची वाट बघून बघून थांबली, ती सगळ्या गिऱ्हाइकांना विचारते तेच याला विचारते, "बारीक का जाड?"

मी खुर्चीतच उडाले. माझा कोपर मामांच्या बरगडीत असा बसला की तसा आजवर कधी बसला नव्हता. मामांना वाटलं, काहीतरी अलौकिक सम येऊन गेली. ते अर्धे उठले, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! क्या बात है! बहोत खूब!"

त्या क्षणी गवई गात नव्हते. ते माइक जवळ घेऊन सांगत होते, की दोन दिवसांपासून ताप आहे, घसा बसलेला आहे, आज थोडंच गाता येईल, रसिकांनी माफ करावं.

हॉल हसला. आधी मागची सतरंजी, मग खुर्च्या. पोस्टमास्तरसुद्धा मांडीवर हात मारून हसले. गवयांचा चेहरा पडला. सेक्रेटरी खुणा करत धावत आले. मामा माझ्याकडं बघत होते, की काय झालं. त्यांनी लोकांकडं बघितलं, गवयांकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकाकडं बघितलं आणि हळूच खाली बसले. घरी येताना स्कूटीवर ते नेहमी माझ्या खांद्याला धरतात. त्या दिवशी मागच्या कॅरियरला धरून बसले.

पुढच्या मैफलीला मामा गेले नाहीत. कंबर दुखते म्हणाले. त्याच्या पुढच्यालाही कंबरच. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन गेले, मामांनी त्यांना चहा पाजला आणि गाण्याचा विषय येऊ दिला नाही. दिवसभर व्हरांड्यात बसून रस्त्याकडं बघत राहायचे. नवरा म्हणाला, "बरं झालं, कटकट गेली." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, आमच्याकडं म्हैस नाही म्हणून फार अडचण झाली.

मला फार वाईट वाटत होतं. मामांसाठी वाटत होतं आणि, लिहायला संकोच वाटतो, पण रविवारसाठीही वाटत होतं. दोन्हीतलं जास्त कशाचं वाटत होतं हे मी तपासून बघितलं नाही. एका माणसाच्या आयुष्यातून गाणं गेलं होतं आणि मी परातीत कणीक मळताना माझ्याच नशिबाला बोल लावत होते.

एक दिवस मामा स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "त्या दिवशी काय वाचत होतीस, आण."

मी हात पुसून कादंबरी दिली. कोर्टात कागद वाचायची सवय, त्यामुळं मामा पेन्सिल घेऊन बसले. आधी कपाळाला आठ्या. कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे त्यांचं जुनं मत. दुपारी जेवायला दोनदा हाक मारावी लागली, पण ती तशीही मारावी लागायची. संध्याकाळी पाहुणे आले तर मामांनी पुस्तकातून डोकं काढलं नाही. पाहुण्यांच्या केसची हकीगत मला एकटीला ऐकावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. मामा पुन्हा दारात. पुस्तकात बोट घातलेलं. "सूनबाई," म्हणाले, "इथंच उडालीस ना? बारीक का जाड?"

मी मान हलवली.

"काय बाई हाय!" मामा दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "तुला गाण्यातलं काय कळतं, खरं सांग."

आता मामांना उत्तर द्यायचं म्हणजे ओरडूनच द्यावं लागतं. मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि छातीत दम भरून सांगितलं, "काही कळत नाही, मामा! कधीच कळत नव्हतं!"

"मग येत कशाला होतीस?"

"घराबाहेर पडायला!" मी ओरडले. इतक्या वर्षांचं साठलेलं, आवाज जरा जास्तच लागला. समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मामा म्हणाले, "हळू बोल. मी बहिरा हाय, गल्ली न्हाय."

बहिरा हा शब्द मामांनी स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा उच्चारला. मुलापुढं नाही, डॉक्टरपुढं नाही, तव्यावर भाकरी करपवत उभ्या असलेल्या सुनेपुढं. मला रडू आलं. मी धुरामुळं म्हणून डोळे पुसले, गॅसला धूर नसतो हे मामांना ठाऊक होतं.

ते म्हणाले, "तुला गाणं कळत न्हाय, हे मला माहीत होतं. बोटानं ताल धरायचीस, एकदा जुळला न्हाय. म्हटलं, पोरगी खामखा आपल्यापायी अडकून बसती. आता गाणं ऐकू येत न्हाय, तर तिला तरी कशाला त्रास? म्हणून बंद केलं जाणं." एवढं बोलून ते व्हरांड्यात गेले.

म्हणजे मी त्यांच्यासाठी जात होते असं जग म्हणत होतं, मी माझ्यासाठी जात होते, आणि हा माणूस माझ्यासाठी जायचा थांबला होता. मी गॅस बंद केला. ती भाकरी कुत्र्यानंसुद्धा खाल्ली नाही.

मैफलीचा रविवार आला. नेहमीप्रमाणं तुळजापूरकडचे पाहुणे पिशव्या घेऊन आलेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "चहा ह्यो करील," आणि लोळत पडलेल्या माझ्या नवऱ्याकडं बोट केलं. मग मला म्हणाले, "चल. पुस्तक घे."

"कशाला मामा?" मी म्हटलं. लोक पुन्हा हसतील, हे मला ओरडून सांगायचं नव्हतं.

त्यांना ते ऐकू आलं नाही, पण कळलं. "हसू दे की," म्हणाले.

हॉलमध्ये गेलो तशी कुजबुज झाली. सेक्रेटरींनी लगबगीनं दुसऱ्या रांगेतली खुर्ची पुसली. मामा तिकडं गेले नाहीत. त्यांनी मान वर करून छताकडं बघितलं, एका बाजूला भिंतीपाशी जिथं नवी ट्यूब होती तिथं दोन खुर्च्या स्वतः ओढल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मामा, इथून गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही." त्यांनी ते खुणेनंही सांगितलं.

ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तंबोरे लागले होते, हॉल शांत झाला होता, आणि मामा म्हणाले, "मला कुठं ऐकू येतंय आता? सूनबाईला वाचायला उजीड लागतो."

कुणी हसलं नाही. व्यासपीठावर गायला बसलेल्या बाईंनी आमच्याकडं बघितलं आणि मग डोळे मिटून आवाज लावला. मामा हात मांडीवर ठेवून बसले, कसलीही दाद न देता. मी पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत होती, पण वाचता येईना, ओळ पुन्हा पुन्हा तीच येत होती. बऱ्याच वेळानं मामांनी माझ्याकडं वळून बघितलं, मग पुस्तकाकडं, आणि भर मैफलीत म्हणाले, "अगं, उलट की पान."

मी उलटलं.